काजळची आठवण: आधी काय जपायचं, मग काय उभारायचं

पत्र: आमची काजळ बारा दिवसांपूर्वी गेली. तेरा वर्षांची होती. काळीभोर, गळ्याखाली पांढरा ठिपका. शेवटचे पाच महिने मूत्रपिंडाचा आजार होता, घरीच सलाईन द्यायचो. तिची रक्षा एका कापडी पिशवीत मिळाली, ती कपाटात ठेवली आहे. कंगव्यात तिचे केस तसेच आहेत. पांघरूण धुवायला हात धजत नाही आणि आमचा बोका त्यावरून उठत नाही. फोनमध्ये दीड-दोन हजार फोटो आहेत, पण उघडले की शेवटची हडकुळी काजळच समोर येते. नऊ वर्षांच्या मुलीला सगळी रक्षा घालून झाड लावायचं आहे. नातेवाईक म्हणतात, 'मांजरच होती, दुसरं आणा.' मला तिच्यासाठी काहीतरी नीट करायचं आहे, सुरुवात कुठून करू? आणि तिचा घुंगराचा पट्टा दाराच्या कडीला अडकवलेला आहे. दार हललं की वाजतो. काढू की राहू देऊ?

उत्तर: तेरा वर्षं म्हणजे तुमच्या मुलीच्या वयाहूनही जास्त. रोज पायात घोटाळणारा जीव अचानक नाहीसा झाला की रडू येणारच, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. सायप्रसमधल्या शिलुरोकाम्बोस या नवाश्मयुगीन वस्तीत एका माणसाच्या दफनाशेजारी, जेमतेम ४० सेंटीमीटरवर, एक मांजर नीट पुरलेलं सापडलं. हे दफन सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचं आहे, २००४ साली ते जगासमोर आलं. नातेवाइकांना हे सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. तुम्ही जे करू पाहताय ते माणसं शेती नवी होती तेव्हापासून करत आली आहेत.

तुमच्या पत्रात पांघरूण, केस, फोटो, रक्षा, झाड सगळं एका दमात आलंय. त्याचे आधी दोन वाटे करा. वास, केस, आवाज, फोनमधल्या फाइली आणि तुमच्या डोक्यातले बारीकसारीक तपशील हा नाशवंत वाटा. रक्षा, झाड, फ्रेम, लॉकेट हा टिकाऊ वाटा. नाशवंत वाट्याचं काम या पंधरवड्यात करा. टिकाऊ वाट्याला सहा महिने हात लावला नाहीत तरी काही बिघडत नाही. बहुतेक घरांत नेमकं उलटं होतं: पहिल्याच आठवड्यात झाड लावलं जातं, सगळी रक्षा एका कुंडीत जाते, पांघरूण धुतलं जातं, आणि वर्षभराने लक्षात येतं की घुरघुरीचा एकुलता एक व्हिडिओ जुन्या फोनबरोबर गेला.

पांघरुणापासून सुरू करू, कारण त्यात बोकाही आहे. ते एवढ्यात उचलू नका. सोबतीचं मांजर गेलं की दुसरं मांजर तिच्या जागा हुंगतं, तिथे बसतं, काही वेळा घरभर हाका मारत फिरतं. वास हळूहळू विरू द्यावा, एका झटक्यात पुसू नये. त्याच्या जेवणाच्या वेळा तशाच ठेवा आणि दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटं त्याच्याशी खेळा. खरं लक्ष त्याच्या वाटीवर हवं. मांजराने २४ तास काहीच खाल्लं नाही तर 'दुःखात आहे, खाईल उद्या' म्हणून थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. उपाशी मांजराच्या शरीरातली चरबी यकृतात साठायला लागते आणि यकृत निकामी होऊ शकतं. लठ्ठ मांजरांना हा धोका सगळ्यात जास्त. म्हणून दोन-तीन आठवडे त्याचं खाणं मोजून घाला आणि उरलेलंही मोजा. वाटी रिकामी दिसते आहे, एवढ्यावर विसंबू नका.

वास जपायचा असेल तर पांघरुणाचा एक तुकडा आजच कापून घ्या. ती जिथे अंगाचं वेटोळं करून झोपायची, तिथला साधारण १५ बाय १५ सेंटीमीटरचा. मूत्रपिंडाच्या आजारात लघवी वारंवार होते आणि अंथरुणातही होते, तेव्हा डाग नसलेला भाग निवडा. तुकडा हाताला पूर्ण कोरडा लागला पाहिजे. जरा जरी दमट असला तरी बंद बाटलीत बुरशी धरते आणि मग काजळचा वास जाऊन कुबट वास उरतो. घट्ट झाकणाची काचेची बरणी घ्या. प्लॅस्टिकच्या डब्याला स्वतःचा वास असतो, तो कापडाला लागतो. बरणी अंधाऱ्या, थंड कपाटात ठेवा. ती जितक्या वेळा उघडाल तितका वास कमी होईल, हे मुलीलाही सांगून ठेवा. उरलेलं पांघरूण बोक्याने आपणहून सोडलं की धुवा. तुकडा ठेवलेला असला की हात धजतो.

आता कंगव्यातले केस, आणि इथे आम्ही जरा रेंगाळणार आहोत, कारण तुमच्याजवळ असलेली ही सगळ्यात मोलाची वस्तू आहे. कंगव्याने निघते ती आतली मऊ लव. कात्रीने कापलेल्या वरच्या राठ केसांपेक्षा ती कितीतरी कामाची, कारण तिचे तंतू एकमेकांत गुंततात. केस फक्त कंगव्यातच असतात असंही नाही. सोफ्याची फट, खिडकीची जाळी, तिच्या टोपलीची विण, जुना स्वेटर, सगळीकडून गोळा करा. कपाटाखाली टॉर्च मारा. मांजरांच्या मिशा आपोआप गळतात आणि नखांवरची जुनी टरफलं ओरबाडायच्या खांबाच्या पायथ्याशी पडलेली असतात. मिशी सापडली तर ती कागदाच्या घडीत ठेवा, चिकटपट्टीने चिकटवू नका. काही वर्षांत चिकटपट्टीचा गोंद पिवळा पडतो आणि मिशी सोडवताना मोडते.

गोळा झालेल्या केसांतला मुठीएवढा पुंजका न धुता बाजूला काढा, दोऱ्याने बांधा आणि कागदी पाकिटात घाला. पाकिटावर नाव आणि तारीख पेन्सिलने लिहा, शाई फुटते. बाकीचे केस धुवायचे असतील तर कोमट पाण्यात सौम्य शाम्पूचे दोन थेंब टाका, केस अलगद बुडवा आणि १५ मिनिटं हात न लावता राहू द्या. चोळले, ढवळले की तिथल्या तिथे गाठी होतात. दोनदा स्वच्छ पाण्यातून काढा, टॉवेलवर पसरा आणि सावलीत दिवसभर वाळवा.

केसांचा खरा शत्रू कसर. लोकरीला लागते तीच, कारण मांजराचे केस आणि लोकर एकाच प्रथिनाचे बनलेले असतात. यावर उपाय फ्रीजर. केस घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत घाला, उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा, बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडू नका. लगेच उघडली तर गार केसांवर बाष्प जमतं आणि सगळं ओलं होतं. कपाटात डांबरगोळ्या टाकायचा मोह आवरा. त्यांतलं नॅप्थलीन मांजरांना विषारी असतं आणि तुमचा बोका अजून घरात आहे.

या लवेचा एक छोटा गोळा करता येतो. तळहातात मावणारा, ३ सेंटीमीटर व्यासाचा. निव्वळ मांजराच्या लवेचा केलात तर तो सुटतो, कारण ती आखूड आणि गुळगुळीत असते. म्हणून आतला गाभा मेंढीच्या लोकरीचा ठेवा, साधारण ३ ग्रॅम, तोही काळ्या लोकरीचा. पांढरा गाभा काळ्या लवेतून डोकावतो. फेल्टिंगची, म्हणजे लोकर टोचून घट्ट करायची, ३८ नंबरची सुई घ्या, खाली निदान ५ सेंटीमीटर जाडीचा स्पंज ठेवा आणि लोकर गुंडाळत, फिरवत टोचत जा, दाबल्यावर पिचकणार नाही इतकी घट्ट होईपर्यंत. मग काजळची दीड-दोन ग्रॅम लव पातळ थरांत पसरून ४० नंबरच्या सुईने बसवा. एकदम जाड थर लावला तर तो सालीसारखा निघून येतो. सुई सरळ आत आणि सरळ बाहेर. तिरकी करून उचकटली की टोक मोडून गोळ्यातच राहतं. सुईला बारीक खाचा असतात, बोटात गेली तर चांगलीच जखम होते, तेव्हा हे काम मुलीकडे देऊ नका. तिच्या हाती लव पिंजायचं काम द्या. पांढऱ्या ठिपक्याची लव वेगळी सापडली तर ती शेवटी एकाच जागी बसवा.

काजळला संसर्गाचा आजार नव्हता, त्यामुळे तुम्हाला हे सगळं बिनधास्त करता येईल. इतर वाचकांसाठी मात्र सांगितलं पाहिजे. मांजर पॅनल्युकोपेनियाने, म्हणजे मांजरांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराने, गेलं असेल तर त्याचा विषाणू घरात वर्षभर टिकू शकतो, तेव्हा अंथरूण-पांघरूण आणि केस न ठेवलेलेच बरे. वाट्या आणि फरशी आधी साबणाने धुवून मग १ भाग घरगुती ब्लीच आणि ३२ भाग पाणी या द्रावणाने १० मिनिटं ओल्या ठेवा. गजकर्ण झालेल्या मांजराच्या केसांतले बुरशीचे बीजाणूही वर्षभराहून जास्त जगतात आणि माणसालाही लागण करतात. अशा वेळी फोटो, आवाज आणि लिखाण यांवरच भर द्या.

फोटोंचं काम दोन टप्प्यांत करा आणि पहिल्या टप्प्यात फोटो बघायचे नाहीत. फक्त नकला काढायच्या. सगळे फोटो आणि व्हिडिओ मूळ आकारात तीन ठिकाणी हवेत: फोनमध्ये, एका हार्ड डिस्कवर आणि घराबाहेर, म्हणजे क्लाउडवर किंवा एखाद्या जवळच्या माणसाकडे. मेसेजिंग ॲपवरून पाठवलेला फोटो लहान होतो आणि कधी काढला ती नोंदही बहुतेकदा निघून जाते, म्हणून पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. काहीही पुसू नका, हललेले फोटोसुद्धा. शेपूट वर करून दाराकडे पळणारी काजळ हललेलीच दिसणार.

मग शेवटच्या पाच महिन्यांचे फोटो एका वेगळ्या फोल्डरमध्ये हलवा. ते पुसायचे नाहीत, पण फोन उघडताच समोर यायला नकोत. आजारपणाचे दिवस सगळ्यात ताजे असल्यामुळे ते आधीच्या साडेबारा वर्षांवर पसरून बसतात. दुसऱ्या टप्प्यात फोटो सर्वांत जुन्यापासून बघत या, दर वर्षातले आठ-दहा फोटो निवडा, एका बैठकीत एकच वर्ष. ज्यात ती सुंदर दिसते त्यापेक्षा ज्यात तिची सवय दिसते तो फोटो घ्या. आपण तिचा म्हणून न काढलेले फोटोही तपासा. वाढदिवसाच्या, पाहुण्यांच्या फोटोंत खुर्चीखाली किंवा पडद्यामागे ती असेल. शेजाऱ्यांकडे, तुम्ही गावाला गेल्यावर तिला सांभाळणाऱ्यांकडेही मागा. तुम्ही कधीच न पाहिलेली काजळ त्यांच्या फोनमध्ये सापडू शकते.

काळ्या मांजराचा फोटो छापणं हे वेगळंच प्रकरण आहे. पडद्याला मागून उजेड असतो, कागदाला नसतो, त्यामुळे फोनवर छान दिसणारी काजळ कागदावर डोळे असलेला काळा डाग होऊन येते. एडिटिंगमध्ये 'शॅडोज' वाढवा, 'कॉन्ट्रास्ट' वाढवू नका, आणि कानांच्या कडा व गालांवरचे केस सुटे दिसायला लागले की थांबा. फार वाढवलंत तर काळा रंग राखाडी होतो आणि दाणे उमटतात. मोठा फोटो छापण्याआधी ४ बाय ६ इंचांचा नमुना काढून दिवसाच्या उजेडात बघा. स्वच्छ छपाईला दर इंचाला ३०० पिक्सेल लागतात, म्हणजे ४ बाय ६ साठी १२०० बाय १८०० आणि ए४ साठी २४८० बाय ३५०८. जुन्या फोनचे फोटो त्याहून लहान असतील तर ते छोट्याच आकारात छापा. फ्लॅशमुळे चमकलेले हिरवे-पिवळे डोळे 'रेड आय' बटणाने दुरुस्त होत नाहीत. मांजराच्या डोळ्यामागे उजेड परतवणारा पडदा असतो आणि ते बटण फक्त लाल रंग शोधतं. अशा फोटोत बाहुली हाताने काळी करून एक बारीक पांढरा ठिपका राहू द्या.

फ्रेम करताना फोटो आणि काच यांच्यामध्ये माउंट, म्हणजे फोटोभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट, हवाच. नाहीतर दमट हवेत फोटो काचेला चिकटतो आणि सोडवताना वरचा थर काचेवर राहतो. उन्हाची भिंत टाळा.

आवाजाकडे लोकांचं फार दुर्लक्ष होतं. व्हिडिओंत घुरघुर, जेवणाआधीची हाक, दार ओरबाडल्याचा आवाज शोधा आणि तेवढा आवाज वेगळा काढून डब्ल्यूएव्ही (WAV) या न आवळलेल्या फाइल-प्रकारात साठवा, एमपी३ मध्ये नको. घुरघुर साधारण २५ ते १५० हर्ट्झ इतकी खोल असते. फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून ती नीट बाहेरच पडत नाही, म्हणून 'रेकॉर्डिंगमध्ये काही आलंच नाही' असं वाटतं. कानावर बसणारे चांगले हेडफोन लावून ऐका. आवाज सुधारण्यासाठी 'नॉइज रिडक्शन' लावू नका. ते सॉफ्टवेअर एकसुरी खोल आवाजाला गोंगाट समजतं आणि नेमकी घुरघुरच कापतं.

आता लिखाण. आम्हाला विचाराल तर सगळ्यांत टिकणारं स्मारक हेच, आणि याला उशीर अजिबात परवडत नाही. 'ती खूप प्रेमळ होती' असं लिहू नका, ते कुठल्याही मांजराबद्दल लिहिता येतं. ती कुठल्या कुशीवर झोपायची? जिन्याची कुठली पायरी तिची होती? पाणी वाटीतून प्यायची की नळाखाली? कुणाच्या पावलांना दाराशी यायची आणि कुणाच्या पावलांना पलंगाखाली जायची? तिला घरात कोणकोणत्या नावांनी हाक मारायचे? औषधाची गोळी कुठे नेऊन थुंकायची? घरातल्या प्रत्येकाने वेगवेगळ्या कागदावर, एकमेकांना न विचारता उत्तरं लिहावीत. ती जुळणार नाहीत आणि जुळवूही नका.

या उत्तरांची २० पानांची वही घरी शिवता येते. ए४ आकाराचे ५ कागद मधोमध दुमडा, वर जाड कागदाचं आवरण घाला. घडीवर तीन भोकं पाडा: एक मधोमध, दोन वरच्या आणि खालच्या कडेपासून ३-३ सेंटीमीटरवर. पाठीच्या उंचीच्या अडीचपट, म्हणजे सुमारे ५५ सेंटीमीटर मजबूत सुती दोरा घ्या. आतून मधल्या भोकातून बाहेर, बाहेरून वरच्या भोकातून आत, आतल्या आत सरळ खाली येऊन खालच्या भोकातून बाहेर, आणि पुन्हा मधल्या भोकातून आत. दोऱ्याची दोन टोकं आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना ठेवून त्यावर गाठ मारा. गाठ एकाच बाजूला मारली तर टाका सैल होत जातो. फोटो चिकटवायला कोपरे वापरा, गोंद नको. मुलीची पानं तिच्या अक्षरात, तिच्या चुकांसकट ठेवा.

मुलीशी बोलताना 'झोपली', 'देवाघरी फिरायला गेली' असं काही सांगितलं असेल तर ते सुधारून घ्या. काजळ मेली, तिचं शरीर बंद पडलं आणि ते पुन्हा सुरू होत नाही, इतकं नऊ वर्षांच्या मुलीला कळतं. झोपेची उपमा दिली की मुलं झोपेलाच घाबरतात.

तिच्या झाडाला होकार द्या. 'सगळी रक्षा' याला मात्र नाही म्हणा, आणि का तेही तिला सांगा. रक्षेत मुख्यतः हाडांतलं कॅल्शियम फॉस्फेट आणि क्षार असतात. झाडाला लागणारा नायट्रोजन त्यात उरलेला नसतो आणि ती चांगलीच अल्कधर्मी असते. मुळांशी रक्षेचा ढीग घातला तर मुळं करपतात, मातीतलं लोहही झाडाला घेता येत नाही आणि पानं पिवळी पडतात. मग जे झाड काजळ म्हणून लावलं तेच मुलीच्या डोळ्यांदेखत मरतं. मांजराची रक्षा वजनाच्या दर किलोला साधारण ३५ मिलिलीटर भरते. हिशेब निरोगी असतानाच्या वजनावर करायचा, कारण आजारात मांस झडतं, हाडं तेवढीच राहतात. काजळ धडधाकट असताना ४ किलोची असेल तर रक्षा सुमारे १४० मिलिलीटर, एक छोटा पेला भरेल इतकी. त्यातली एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिलिलीटर, झाडाला पुरे.

कुंडी ३० सेंटीमीटर व्यासाची घ्या. तिच्यात १२ ते १५ लिटर माती मावते. खालचा एक-तृतीयांश भाग साध्या मातीने भरा. मधल्या थराच्या मातीत भरपूर कंपोस्ट आणि चमचाभर रक्षा नीट मिसळा. त्यावर चार बोटं साधी माती टाकून मगच रोप ठेवा, म्हणजे मुळं रक्षेपर्यंत पोचतील तेव्हा ती विरलेली असेल. वर ४-५ सेंटीमीटरचे गोटे पसरा, नाहीतर बोका त्या मऊ मातीचा लिटर ट्रे, म्हणजे शी-शूची जागा, करेल. जमिनीपेक्षा कुंडी बरी, कारण घर बदललं तर ती बरोबर येते. झाड निवडताना लिली कटाक्षाने टाळा. तिचं पान, फूल, पराग आणि फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराचं मूत्रपिंड निकामी करतं. कण्हेर आणि सायकसही नकोत. गुलाब किंवा अरेका पाम चालेल. गुलाब लावलात तर वर्षभराने पेन्सिलीएवढ्या जाड दोन फांद्या कापून वेगळ्या कुंड्यांत लावा. मूळ झाडाला काही झालं तरी तेच झाड घरात राहील.

उरलेली रक्षा कापडी पिशवीतून काढून बंद पिशवीत आणि मग डब्यात ठेवा. रक्षा हवेतला ओलावा धरते. नाव आणि तारखेची चिठ्ठी पिशवीच्या आत टाका, कारण डब्यावरचं लेबल गळून पडतं. पुढे कधी लॉकेट किंवा काचेचा मणी करावासा वाटला तर त्याला एक छोटा चमचाही पुरेसा होतो. रेझिनमध्ये केस घालून पेंडंट करणारेही आहेत. घरी करायचं तर केस आधी रेझिनच्या दोन-चार थेंबांत भिजवून घ्या, नाहीतर त्यांच्यात अडकलेली हवा बुडबुड्यांच्या रूपाने गोठते. पहिला प्रयोग दुसऱ्या कुठल्या तरी केसांवर करा, काजळच्या नको.

ज्यांनी मांजर जमिनीत पुरायचं ठरवलंय त्यांच्यासाठी: खड्डा निदान ९० सेंटीमीटर खोल, विहिरीपासून आणि पाण्याच्या वाटेपासून दूर. सुती कापडात गुंडाळा, प्लॅस्टिकमध्ये नाही, त्यात शरीर विरत नाही. वर सपाट दगड ठेवा. इंजेक्शन देऊन निरोप दिला असेल तर खड्ड्याच्या खोलीत तडजोड नको. ते औषध शरीरात राहतं आणि उकरून खाणाऱ्या प्राण्याचा जीव जाऊ शकतो.

काही कामं कोरडी आहेत, पण ती राहिली की भलत्या दिवशी टोचतात. डॉक्टरांच्या दवाखान्यात काजळची नोंद बंद करायला सांगा, नाहीतर तीन महिन्यांनी लसीची आठवण करून देणारा मेसेज येईल. त्याच वेळी, दवाखान्यात तिचे जुने एक्स-रे असतील तर तेही मागून घ्या, पुष्कळ लोकांना ते फार जवळचे वाटतात. कातडीखाली ओळखीची चिप बसवली असेल तर तिथली नोंदही बदला. फोटो ॲपच्या 'मेमरीज'मध्ये शेवटच्या महिन्यांच्या तारखा लपवता येतात, त्या लपवा. सलाईनच्या सुया कचऱ्यात टाकू नका, जाड डब्यात घालून दवाखान्यात परत द्या. उघडलेल्या सलाईनच्या पिशव्या फेकून द्या. मूत्रपिंडाच्या आजाराचं खास खाणं बोक्याला घालू नका. न उघडलेली पाकिटं डॉक्टरांमार्फत गरजू मांजराकडे जाऊ शकतात. लिटरचा दुसरा ट्रे मात्र राहू द्या. मांजरांच्या संख्येपेक्षा एक ट्रे जास्त असावा असा दंडक आहे, त्या हिशेबाने एकट्या बोक्यालाही दोन लागतातच.

हे सगळं झालं की कायमचं स्मारक एकच निवडा. इस्तंबूलमध्ये टोम्बिली नावाचं रस्त्यावरचं एक गुबगुबीत मांजर होतं. फुटपाथच्या पायरीवर एक कोपर टेकवून आरामात रेललेलं असायचं. २०१६ साली ते गेलं आणि त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला त्याच जागी, त्याच ऐटीत रेललेला त्याचा ब्राँझचा पुतळा बसवला गेला. तो पुतळा बघणाऱ्याला भिडतो, कारण तो त्या एकाच मांजराचा आहे. काजळचीही अशी जागा असणार. खिडकीतली तिची बैठक, तिने ओरबाडलेला सोफ्याचा कोपरा. सोफा पुन्हा मढवायला द्याल तेव्हा तो ओरबाडलेला तुकडा कापून मागून घ्या आणि खोल फ्रेममध्ये लावा. तिच्या पंजाचा ठसा घ्यायची वेळ आता निघून गेली, पण नखांच्या या रेघा तिने स्वतः काढलेल्या आहेत.

बोक्याचा ठसा आत्ताच घेऊन ठेवा. बोटांमधले लांब केस थोडे कमी करा, हवेत वाळणाऱ्या मऊ मातीची २ सेंटीमीटर जाडीची चकती करा, पंजा त्यावर सरळ दाबा आणि सरळ उचला. पंजा लगेच पुसा. माती वाळली की तीच ठेवा, किंवा माती ओली असतानाच तीत प्लास्टर ऑफ पॅरिस ओता: १ वाटी पाण्यात हळूहळू २ वाट्या प्लास्टर भुरभुरा. प्लास्टरवर पाणी ओतलं की गाठी होतात. प्लास्टर घट्ट होताना तापतं, त्यामुळे जिवंत पंजा थेट त्यात कधीही घालायचा नाही.

राहिला दाराच्या कडीचा पट्टा. आधी दोन दिवस बोक्याकडे लक्ष ठेवा. घुंगरू वाजलं की तो दरवेळी दाराकडे धावत असेल, तर पट्टा काढून कागदात गुंडाळून ठेवा. कातड्याचा असला तर प्लॅस्टिकमध्ये नको, बुरशी येते. बोका धावत नसेल तर प्रश्न फक्त तुमचा आहे, आणि त्याचं उत्तर आज एक आणि महिन्याने दुसरं असू शकतं. पट्टा तिथेच राहू द्या आणि आवाज सोसवत नाही त्या दिवसांपुरता घुंगराच्या फटीत चिमट्याने थोडा कापूस सारा. कापसाचं एक टोक बाहेर ठेवा, म्हणजे हवं तेव्हा ओढून काढता येईल.